स्वतःशी गोड बोलण्याचे दुष्परिणाम

डॉक्टरांनी एखादी गोळी लिहून दिली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. गोळी घेणारा माणूस कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पाण्याचा घोट घेतला, मान मागे टाकली, विषय संपला. पण आमच्या डॉक्टरांनी माझी छाती तपासली, पाठीवर टकटक केलं, मशीनमधून निघालेली ती लांबलचक कागदी पट्टी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही."

हे ऐकून मी जास्तच घाबरलो. काही झालेलं असलं तर त्यावर इलाज असतो. काहीही झालेलं नसताना छाती धडधडते, तळहात ओले होतात, बसल्या जागी श्वास अपुरा पडतो, म्हणजे प्रकरण डॉक्टरांच्याही आवाक्याबाहेर गेलं, असा मी त्याचा सरळ अर्थ लावला.

"पण डॉक्टर, मला सारखी भीती वाटते."

"कशाची?"

हा प्रश्न मला फार अन्यायाचा वाटला. कशाकशाची म्हणून सांगणार? लिफ्ट अडकेल याची वाटते, म्हणून जिना चढावा तर दम लागेल याची वाटते. फोन वाजला की वाटते आणि बराच वेळ वाजला नाही की जास्त वाटते. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे आणि बरोबर असतील तर त्यांच्यावर शिक्का मारायचा, हे माझं काम. मी बाजारात शिरलो की दुकानदार घाबरतात, असा लोकांचा समज आहे. वस्तुस्थिती अशी की त्या वेळी सबंध बाजारात सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस मीच असतो. काटा बरोबर निघाला तर आपल्या नजरेतून काही सुटलं की काय, ही भीती. चुकीचा निघाला तर आता या माणसाशी भांडावं लागणार, ही भीती.

"सकाळी उठल्यावर मनात पहिला विचार काय येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज काय बिघडणार आहे?"

"आणि आरशात पाहिल्यावर?"

"बिघडलं."

डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर जरा धीर आला असता. ते म्हणाले, "तुम्ही स्वतःशी जसं बोलता तसं दुसऱ्या कुणाशी बोललात तर तो तुम्हाला कोर्टात खेचेल. रोज सकाळी आरशासमोर उभे राहा आणि स्वतःशी चार चांगली वाक्यं बोला. मोठ्यानं बोला. मनातल्या मनात बोललात तर तुम्ही तुमचं ऐकणार नाही."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. माझी बायको मोटार चालवायला शिकवते. ज्यांच्या हातात जन्मात स्टिअरिंग आलेलं नाही अशा माणसांच्या शेजारी ती दिवसभर बसते, समोरून ट्रक येत असताना "गिअर बदला, घाई नाही" असं शांतपणे सांगते आणि संध्याकाळी घरी येऊन जेवते. आमच्या घरात भीतीचं खातं सुरुवातीपासून माझ्याकडे आहे. तिनं ते कधी मागितलंही नाही.

"बोला की मग," ती गाडीची किल्ली शोधत म्हणाली. "बाथरूममध्ये बोला. तसेही तिथे तासभर असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीच्या आरशासमोर उभा राहिलो आणि पहिल्याच पायरीला अडखळलो. स्वतःला अरे-तुरे करायचं की अहो-जाहो? मला 'अरे' म्हणणारी माणसं आता फारशी उरली नाहीत, आणि जी म्हणायची ती रागावतानाच म्हणायची. तरी धीर करून म्हणालो, "तू शहाणा आहेस."

आरशातला माणूस दुखावला. त्याचं बरोबरच होतं. 'तू फार शहाणा आहेस' हे आपल्याकडे कुणी कौतुकानं म्हणतं का? मी दुसरं वाक्य घेतलं. "तुझ्यासारखा तूच!" ते तर आणखी वाईट निघालं. "धन्य आहेस!" म्हणून पाहिलं, आणि मान खाली गेली. आपल्या भाषेत कौतुकाचे शब्द रगड आहेत, पण जरा सूर हलला की त्यातला प्रत्येक शब्द उलटून चावतो, हे त्या दिवशी कळलं. मग मी आदरार्थी गेलो. "आपण एक कार्यक्षम आणि मनमिळाऊ अधिकारी आहात." हे म्हणताच अंगावर काटा आला, कारण असं वाक्य आमच्या ऑफिसात फक्त निरोप समारंभात म्हणतात, नाहीतर शोकसभेत.

शेवटी मी स्वतःला हाक मारण्याचा नाद सोडला आणि सरळ 'मी'वर आलो. छाती फुगवून म्हणालो, "माझं हृदय उत्तम चाललंय. मी निर्धास्त आहे. मी अजून पुष्कळ जगणार आहे. मला काहीही झालेलं नाही!"

"शेवटचं वाक्य नकारार्थी झालं!"

आवाज वरून आला होता. भित्र्या माणसाला वरून आलेला आवाज म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. माझ्या हातातला मग पडला, बादलीवर आपटला, तिथून माझ्या अंगठ्यावर आला. मी डोळे मिटून उभा राहिलो आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहू लागलो.

"होकारार्थी करा! 'मी ठणठणीत आहे' म्हणा!"

हळूहळू उलगडा झाला. आमच्या इमारतीत बाथरूमच्या खिडक्या मागच्या एका अरुंद बोळात उघडतात, एकावर एक. आमच्या वर निवृत्त हेडमास्तर राहतात. निवृत्त झाल्यापासून ते कुणाला तरी सुधारायच्या शोधात होते, आणि मी स्वतःहून, तोंड धुतलेल्या अवस्थेत, त्यांच्या खिडकीखाली येऊन उभा राहिलो होतो.

त्या दिवसापासून माझा तास भरू लागला. मी खालून म्हणायचं, हेडमास्तरांनी वरून तपासायचं. "'निर्धास्त'मधला 'र्ध' खाल्लात! पुन्हा!" किंवा "आवाज बेंबीतून येऊ द्या, शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे!" एकदा मी खिडकी लावून गुपचूप, नळ सोडून, पुटपुटत उरकायचा प्रयत्न केला. संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला अडवलं. "आज गैरहजर होता?"

शेवटच्या बाकावर कोण बसलंय, हे मात्र आम्हा दोघांनाही सुचलं नाही. आमच्या खाली एक मावशी राहतात. एकट्या असतात, मनानं फार चांगल्या. त्यांना वरचे हेडमास्तर नीट ऐकू येत नसत, मी येत असे. रोज सकाळी, दात घासताना, त्या बाईंना काय ऐकू येत होतं? एक संसारी माणूस रडवेल्या आवाजात म्हणतोय, "माझं हृदय उत्तम चाललंय. मी अजून पुष्कळ जगणार आहे." पुन्हा म्हणतोय. पुन्हा पुन्हा म्हणतोय. यातून कुणीही जो निष्कर्ष काढेल तोच त्यांनी काढला.

एके संध्याकाळी त्या सफरचंदं घेऊन वर आल्या. बायको क्लासवर होती. मावशींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कसं वाटतंय आता?"

"बरं आहे."

"बरंच म्हणायचं हो," मावशी म्हणाल्या. "माझा थोरला भाऊ. तोही सकाळी असाच बोलायचा. स्वतःशीच. मोठमोठ्यानं. 'मी ठणठणीत आहे' म्हणायचा."

"मग?"

"मग काय."

"मग काय झालं त्यांचं?"

"जाऊ दे," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यात मोठं सफरचंद माझ्या हातात दिलं. "खा तुम्ही. आता कसलं पथ्य पाळू नका."

ते सफरचंद मी न खाता फ्रीजवर ठेवून दिलं. मावशींच्या भावाचं काय झालं, हे विचारायला मी पुढच्या आठवड्यात दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परत आलो.

पुढे सगळी इमारतच माझ्याशी बदलून वागू लागली. तळमजल्यावरचे गृहस्थ आपली स्कूटर नेमकी जिन्याच्या तोंडाशी लावत. त्यावरून आमचं कैक वर्षांचं वैर होतं. एके सकाळी स्कूटर गेटपाशी उभी दिसली. मी पाहतोय हे पाहून ते म्हणाले, "तुम्हाला जायला-यायला त्रास नको." सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दारापर्यंत आणून दिली. वाटेत म्हणाले, "गळतीबद्दल तुमचा तो जुना अर्ज होता ना? करून टाकू या. लवकर करू." हा 'लवकर' त्यांनी अशा काही आवाजात म्हटला की अर्ज मागे घ्यावासा वाटला. माणसं भांडत असतात तोवर आपल्याला धोका नसतो. माणसं एकाएकी चांगली वागायला लागली की समजावं, आपलं काही खरं नाही.

पण इतरांचं सोडा. बायको चांगली वागायला लागली!

मला नंतर कळलं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे घोटाळा व्हायला नको. मावशींनी तिला जिन्यात गाठून विचारलं होतं, "अगं पोरी, तुला त्यांनी सांगितलंय ना?" ती म्हणाली, "काय?" त्यावर मावशींनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझ्यापासूनही लपवलं. देवमाणूस." एवढंच. तिथून ती समजून चालली की मला काहीतरी भयंकर झालंय आणि मी ते एकट्यानं सोसतोय.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ही बाई आता मला सकाळी ऑफिसला सोडताना गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेत नाही. खड्डा आला की गाडी थांबवते, माझ्याकडे पाहते आणि मग अलगद पुढे घेते. मागचे हॉर्न वाजवतात, तरी ही शांत. एके दिवशी मी लवकर घरी आलो तर ती स्वयंपाकघरात खाली बसली होती, कपाळ दोन्ही हातांनी दाबून. डोळे लाल.

"काय गं?"

"काही नाही. डोकं ठणकतंय जरा." मग उठून, माझ्याकडे न पाहता, "अहो, तुम्हाला काय खावंसं वाटतंय?"

आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. केलेलं खावं, ही घरची पद्धत. फाशीच्या आदल्या दिवशी कैद्याला असं विचारतात, एवढंच मी ऐकून होतो. मी समजायचं ते समजलो. डॉक्टरांनी मला 'काहीही झालेलं नाही' म्हणून वाटेला लावलं आणि खरं काय ते मागून हिला फोन करून सांगितलं. ही तोंड दाबून सोसतेय. इमारतीलाही माहीत आहे. न कळलेला एकटा मीच.

मग मी काय केलं? मी ती वाक्यं आणखी जिवाच्या आकांतानं म्हणू लागलो. "मी पुष्कळ जगणार आहे!" म्हणताना माझा आवाज फाटायचा. वरून हेडमास्तर म्हणायचे, "वा! आज भावना आली!" खाली मावशी रडायच्या. आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून कान लावून माझी बायको उभी असायची.

हेडमास्तरांनाही शेवटी मावशींकडून सगळं कळलं. त्यांना पश्चात्ताप झाला. एका मरणोन्मुख माणसाचे आपण उच्चार तपासत होतो, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं आणि दुर्दैवानं ते माझ्या ऑफिसात घेतलं. आमचे साहेब हे त्यांचे जुने विद्यार्थी. हेडमास्तरांनी त्यांना फोन करून माझ्यावरचा कामाचा बोजा कमी करायला सांगितलं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "बसा."

मी नोकरीला लागल्यापासून या केबिनमध्ये मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. मी खुर्चीच्या कडेवर टेकलो. साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. तोही स्वतःचा.

"तुम्ही आता बाजारात फिरू नका. टेबलावर बसा. पण काय आहे, पुन्हा बाजारात पाठवायचं तर नियमानं मला तुमचं फिटनेस सर्टिफिकेट लागेल. मेडिकल बोर्डाचं. नाहीतर उद्या बाजारात काही झालं तर..."

"काय होणार आहे, साहेब?"

"काही नाही, काही नाही," साहेब घाईनं म्हणाले. "पाणी प्या."

बाहेर आलो तर माझ्या शेजारचा सहकारी माझ्या खुर्चीत बसून पाहत होता. मला बघून ताडकन उठला. "नुसता बसून बघत होतो," तो म्हणाला. "खिडकीतून वारा छान येतो हो तुमच्याकडे."

मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल बोर्डाची एक खिडकी असते. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "आजार कोणता?"

"तेच तर मला कुणी सांगत नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सर्टिफिकेट कशाचं हवंय?"

"मला काही झालेलं नाही, असं."

"तसं मिळत नाही. बरं झाल्याचं मिळतं. बरं व्हायला आधी आजारी पडावं लागतं. काय झालं होतं ते सांगा, कधी बरं झालं ते सांगा, मग बोर्ड तपासेल."

"पण मला काही झालंच नसेल तर?"

"मग सर्टिफिकेट कशाला हवंय?" बाईंनी विचारलं, आणि खरं सांगतो, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

आता एखादा आजार निवडणं आलं. खरा आजार मी बोर्डालाही सांगणार नाही, असं सगळे धरून चालले होते, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. हेडमास्तर म्हणाले, "भारदस्त आजार घ्या. पोट वगैरे नको, लोक हसतात." स्कूटरवाले गृहस्थ म्हणाले, कंबर सांगा, कंबरेचं कुणाला सिद्ध करता येत नाही. मावशींनी फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी 'धडधड' एवढंच लिहिलं, कारण ती खरी होती. बोर्डाची तारीख मिळाली.

त्या सकाळी बायकोनं क्लास बंद ठेवला. "मी येणार," ती म्हणाली. वाटेत एका सिग्नलला हिरवा लागला तरी गाडी हलेना. मी वळून पाहिलं तर ती डोळे मिटून बसली होती. "चक्कर आली का?" मी विचारलं. "नाही हो, ऊन आलं डोळ्यांवर," ती म्हणाली. ऊन मागच्या बाजूला होतं. पण मी माझ्याच मरणाच्या तयारीत इतका गुंतलो होतो की उन्हाकडे कुठे पाहणार?

बोर्डाच्या बाहेर एक लांब कॉरिडॉर, त्यात बाकं, आणि दाराशी एक खुर्ची. तिथे नर्स एकेकाचं ब्लड प्रेशर मोजत होती. माझं नाव पुकारलं तेव्हा बायको त्या खुर्चीत टेकली होती आणि मी भिंतीला चिकटून उभा होतो. खुर्चीत बसलेला तो पेशंट, हा तिथला नियम. नर्सनं सरळ तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"अहो, मी नाही, हे..."

"बोलू नका," नर्स म्हणाली आणि फुगा दाबू लागली.

मी नर्सच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आकडा पाहून तो चेहरा एकदम स्थिर झाला. तिनं पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग काही न बोलता उठली आणि झपझप आत गेली.

मला दरदरून घाम फुटला. संपलं, म्हटलं. एवढ्या दिवसांचं जे होतं ते आज उघड झालं. काय आकडा असेल माझा? आणि तो पट्टा कुणाच्या दंडाला बांधलेला आहे, हे माझ्या ध्यानात यायला, सांगायला लाज वाटते, पण बराच वेळ गेला.

मग ध्यानात आलं.

आतून एक डॉक्टर आणि दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. "डोकं किती दिवस दुखतंय?" डॉक्टरांनी तिला विचारलं. "असेल बऱ्याच दिवसांचं," ती म्हणाली. "यांच्या काळजीनं दुखतंय."

"माझ्या?" मी म्हणालो.

स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तिनं माझा हात धरला. "आता तरी सांगा. काय झालंय तुम्हाला? मला का नाही सांगितलंत?"

"मला? मला कुठे काय झालंय? तूच लपवतेयस ना माझ्यापासून? डॉक्टरांनी तुला फोन केला ना?"

"मला कुणी फोन केला नाही! मावशी म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांपासून लपवताय."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"तुम्हीच! रोज सकाळी! ओरडून ओरडून!"

तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि लगेच संताप. "म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नाही?"

"नाही."

"मग मी इतके दिवस रडले कशाला?"

"पेशंटला बोलू देऊ नका," डॉक्टर माझ्यावर खेकसले. "प्रेशर फार चढलंय. मेंदूचा फोटो काढायला हवा, आत्ताच." स्ट्रेचर हललं. माझा हात अजून तिच्या हातात होता. ट्रकसमोर ज्या बाईचा आवाज हलत नाही ती हळूच म्हणाली, "अहो, मला भीती वाटतेय."

त्यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्याकडे चार वाक्यं होती, घोटून घोटून पाठ केलेली, हेडमास्तरांनी तपासलेली. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "मलाही." तिनं मान हलवली, बरं वाटल्यासारखी. मग दार बंद झालं.

मी बाकावर बसलो. आजवर मी हजार गोष्टींना घाबरलो असेन, पण ती सगळी भीती चिल्लर होती, हे तिथे समजलं. ही भीती निराळी होती. तिच्यात धडधड नव्हती, घाम नव्हता. सगळं अंग गार आणि कान सुन्न. उठावं आणि चालू लागावं, जिना उतरून रस्त्यावर जावं, गर्दीत मिसळावं आणि कुणी मला काही सांगायला आलं तर मी सापडूच नये, असं फार वाटत होतं. मी खरंच उठून उभा राहिलो.

आणि मग मी बोललो. ठरवून नाही. तोंडातून आलं.

"बस खाली," मी म्हणालो. "घाबरलायस ना? घाबर. घाबरण्यासारखंच आहे. पण बस इथे. ती बाहेर येईल तेव्हा कुणीतरी दिसायला हवं. एवढं तुला जमेल. काल काय केलंस, उद्या काय होईल, ते राहू दे. आत्ता फक्त बसायचंय. बस."

मी बसलो.

"हात थरथरतोय, थरथरू दे. मांडीखाली घाल. श्वास घे. घेतलास. आता पुढचा घे."

"जरा मोठ्यानं बोलता का?"

मी दचकून पाहिलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसला होता. साधारण माझ्याच वयाचा, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं. समोरच्या दुसऱ्या बंद दाराकडे तो एकटक पाहत होता.

"माफ करा," मी ओशाळलो. "सवय लागलीय."

"नाही, बोला. मलाही उपयोग होतोय," तो म्हणाला. "फक्त शेवटचं नीट ऐकू आलं नाही. मांडीखाली घालायचे का हात?"

"हो. दोन्ही."

त्यानं घातले. मी पुन्हा सुरू केलं, आता दोघांना पुरेल एवढ्या आवाजात. ओळख नसल्यामुळे त्याला 'तू' म्हणणं बरं दिसेना, म्हणून मी 'आपण'वर आलो. आपण बसू. आपण घाबरू. आपण श्वास घेऊ. माझंही त्यात भागत होतं.

मध्येच बोर्डाचं दार उघडलं आणि एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "वजनमापेवाले तुम्हीच? धडधड तुम्हाला?" मी म्हणालो, "बाई, माझी बायको आत आहे. मला आत्ता उठता येणार नाही." त्यांनी समोरच्या दाराकडे पाहिलं, माझी नाडी तिथेच उभ्या उभ्या धरली, थोडा वेळ मोजली. "चालतंय," त्या म्हणाल्या. "सर्टिफिकेट घेऊन जा नंतर." त्या एका शब्दासाठी मी आठवडे घालवले होते. 'थँक यू' म्हणायचंही सुचलं नाही.

दार उघडलं तेव्हा ती चाकाच्या खुर्चीत होती, पण ताठ बसलेली. डॉक्टरांनी सांगितलं, फोटो स्वच्छ आहे. प्रेशर उतरतंय. वेळेवर सापडलं, आणखी काही दिवस असंच गेलं असतं तर सांगता येत नव्हतं. आता रोज गोळी, मीठ कमी, आणि महिनाभर ड्रायव्हिंग बंद. यातल्या शेवटच्या गोष्टीवर ती डॉक्टरांशी भांडू लागली, आणि ते भांडण कानावर पडलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुणाशी बोलत होतात?" तिनं मला विचारलं. "आतपर्यंत ऐकू येत होतं."

"असाच. स्वतःशी."

"हं," ती म्हणाली. "आज बरं बोलत होतात."

मी तिची पर्स उचलली. औषधाचा कागद खिशात घातला. निघायचं म्हणून वळलो तर तो माणूस अजून तिथेच होता, हात मांडीखाली. त्याचं दार बंद होतं. त्यानं आमच्याकडे पाहून मान हलवली, 'जा तुम्ही' अशा अर्थानं.

"कोण आहे आत?" बायकोनं त्याला विचारलं.

"आई."

तिनं खुर्चीचं चाक स्वतःच्या हातानं वळवलं आणि खुर्ची बाकाला लावून उभी केली. मी पर्स पुन्हा खाली ठेवली आणि बसलो. मग त्या माणसानं घसा खाकरला आणि अगदी हलक्या आवाजात, अडखळत, स्वतःचं स्वतःशी बोलायला सुरुवात केली. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे पाहत बसलो, काही ऐकूच येत नसल्यासारखे.